घट कुठे गेली

विनीता गेली तेव्हा माझं वजन सत्तावन्न किलो होतं. हे मला नक्की माहीत आहे. तिला ताप भरण्याच्या दोन दिवस आधी मी गिरणीतला काटा दुरुस्त करून घेतला होता आणि तो बरोबर दाखवतो की नाही हे बघायला स्वतःच त्याच्यावर उभा राहिलो होतो. विनीता बाजूलाच होती. म्हणाली, "छप्पन असतला. एक किलो पीठ अंगार आसा." मग तिने माझी पाठ झटकली.

त्यानंतर आठवडाभरात ती गेली. चार दिवस दवाखान्यात होती. मला वाटलं होतं, ताप आहे, उतरेल.

मालवणजवळ कट्टा गावच्या बाजारात एसटी थांब्याच्या मागे माझी पिठाची गिरण आहे. बेचाळीस वर्षं मी दळतो. घर गिरणीच्या पाठीलाच, मध्ये एक दार. मुलगा सुदेश डोंबिवलीला असतो, त्याची बायको नम्रता तिकडे शाळेत शिकवते. तेरावं झाल्यावर सुदेश म्हणाला होता, चला आमच्याबरोबर. मी म्हटलं, गिरण आहे.  शेजारी माझ्या चुलतभावाची बायको राहते, हौसावयनी. भाऊ जाऊन दहा वर्षं झाली. ती म्हणाली, "सुदेशा, तू काळजी करू नको. मी एकटीसाठी रांदतंच, भावोजींचा एक ताट काय जड नाय." तेव्हापासून माझं दोन वेळचं जेवण तिच्याकडून येतं. ती घरात येऊन ताट वाढून झाकून ठेवते. मी गिरणीतून येतो, जेवतो, परत गिरणीवर जातो. मागाहून येऊन ती भांडी घासते.

हे सगळं सुरळीत चालू होतं. जेवण चांगलं होतं. वयनीच्या हाताला चव आहे. मी एक दिवस उपाशी राहिलो नाही. तरी शिमग्याच्या सुमारास माझी पँट खाली सरकायला लागली.

गिरणीच्या बाजूला परशुराम शिंप्याचं दुकान आहे. त्याच्याकडे पँट घेऊन गेलो. त्याने टेप लावला, पुन्हा लावला.

"गंगाराम, मेल्या, तुजी कंबर खंय गेली?"

"हयसरच आसा."

"हयसर नाय. हयसर नुसतो पट्टो आसा." त्याने टेप नाचवला. "बत्तीस होती. आता अठ्ठावीस. चार इंच कापड काढतलंय त्यात माका दोन रुमाल होतले."

मी काट्यावर उभा राहिलो. बावन्न.

मला काही समजेना. परशुराम म्हणाला, दुःखाने होतं. आधी मलाही तसंच वाटलं. पण दुःखाने भूक जाते आणि माझी भूक गेली नव्हती. बारा वाजले की नजर घड्याळाकडे जायची. ताटावर बसलो की जेवत होतो. उठताना समाधान वाटायचं. मग वजन कशाने जावं?

मे महिन्यात सुदेश, नम्रता आले तेव्हा एकोणपन्नास होतं. मसाल्याचे दिवस होते. गिरणीत मिरचीचा ठसका, बायकांची रांग. सुदेश दारात येऊन उभा राहिला आणि मला बघतच राहिला. त्याला वाटलं मिरचीने माझे डोळे पाणावलेत. मला वाटलं त्याचे.

दुसऱ्या दिवशी मला मालवणला डॉक्टरांकडे नेलं. रक्त काढलं, लघवी घेतली, छातीचा फोटो काढला. साखर बघितली, थायरॉईड बघितलं. चार दिवसांनी सगळे कागद आले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कागद उलटेपालटे केले.

"आजोबा, सगळं उत्तम आहे."

"मग वजन कुठे जातंय?"

"जेवण कमी पडत असेल."

"पोटभर जेवतो."

"किती जेवता?"

"ताटभर."

त्यांनी सुदेशकडे बघितलं. सुदेशने मान हलवली, कारण तोही मला पाच-सहा दिवस जेवताना बघत होता. म्हणजे असं त्याला वाटत होतं. खरं तर तो आणि नम्रता उशिरा उठायचे, त्यांचं जेवण दोन-अडीचला, आणि माझं सव्वाला. मी ताटावर असताना तो आंघोळीला असायचा. रात्रीही मी त्यांच्या आधीच जेवून उठायचो.

डॉक्टरांनी उपाय सांगितले. तीनदा भरपूर खाण्यापेक्षा सहादा थोडं थोडं खा. सकाळी दोन अंडी. दोन वेळा दूध, साय काढू नका. रोज केळी, मूठभर शेंगदाणे, भातावर तूप. जेवणाच्या आधी पाणी पिऊन पोट भरायचं नाही. चहा दोनच. आणि नुसतं बसून राहू नका, थोडं चाला, थोडं वजन उचला, म्हणजे खाल्लेलं अंगाला लागेल. मी म्हटलं, वजन तर मी बेचाळीस वर्षं उचलतोय. ते हसले. एका पावडरीचा डबाही लिहून दिला, म्हणाले, घेतलाच पाहिजे असं नाही.

परतताना रिक्षात सुदेश म्हणाला, "बाबा, ह्यां असां चलाचा नाय. आईच्या वर्षश्राद्धापर्यंत पन्नास करा. पन्नास झालां तर मी एक शब्द बोलाचंय नाय. नाय झालां तर गिरणीक कुलूप आणि तुमी डोंबिवलीक."

"आणि घर?"

"घराक पण कुलूप."

 हे घर बंद होणार म्हणजे तिच्या साड्यांचं कपाट बंद होणार, तिची बसायची फळी, तुळस, दारामागे खिळ्याला अडकवलेली तिची पिशवी. हे सगळं कुलपाच्या आत आणि मी बाहेर. एकोणपन्नासचं पन्नास करायचं होतं. एक किलो. एक किलो पीठ तर माझ्या अंगावरच असतं, असं ती म्हणाली होती. मला काही अवघड वाटलं नाही.

मी गिरणीच्या भिंतीवर खडूने एकोणपन्नास लिहिलं आणि उपाय सुरू केले.

सकाळी वयनी दोन अंडी उकडून ठेवायची. तिच्याच कोंबड्यांची. मी खायचो. दहा वाजता केळं. अकराला दूध. दुपारचं जेवण, भातावर तूप. चार वाजता शेंगदाणे आणि गूळ. संध्याकाळी पुन्हा दूध. रात्रीचं जेवण. नम्रताने मेथीचे नि डिंकाचे लाडू डबाभर करून ठेवले होते, तेही चालू होते. सकाळ-संध्याकाळ पेठेच्या टोकापर्यंत चालून यायचो.

आषाढात सत्तेचाळीस.

परशुरामने आपले उपाय सुरू केले. "डॉक्टराक काय कळता? पेज खा, पेज. उकड्या तांदळाची, वर तुपाचो गोळो." पेज खाल्ली. "दुपारी झोप." झोपलो. "सुक्या सोड्यांची चटणी घे, तोंडाक चव येता." तोंडाला चव होतीच, तरी घेतली. शेवटी म्हणाला, "एक बाटली बिअर घे रोज. माजो मेवणो बघ कसो सुजलोसा."

"तो सुजलोसाच. वजन नाय तां."

"काट्याक खंय कळता?"

मला काट्याचाच संशय आला. सरकारी दवाखान्यात जाऊन उभा राहिलो, तिथे सेहेचाळीस. औषधाच्या दुकानातल्या मशीनवर अठ्ठेचाळीस. माझ्याकडे सत्तेचाळीस. कुठलं खरं धरायचं? मधलं धरलं. भिंतीवरचे आकडे खाली खाली येत होते. दळणाला येणाऱ्या बायका ते वाचायच्या आणि माझ्याकडे एकदा बघून पिठाचे डबे उचलून न्यायच्या.

गिरणीवाल्याला एक गोष्ट पक्की माहीत असते. दहा किलो गहू घातले तर दहा किलो पीठ पडत नाही. शंभर-दीडशे ग्रॅम कमी येतं. त्याला आम्ही घट म्हणतो. काही धुरळा होऊन उडतं, काही दगडात अडकतं, काही तोंडाच्या कापडी नळीत बसतं. गिऱ्हाईक बाई भांडायला उभी राहिली की मी गडबडायचो. विनीता मात्र उठायची, नळीवर दोन थपडा मारायची, आणि धपकन पीठ डब्यात पडायचं. "ह्यां बघ गो, तुजा पीठ. उडान मुंबयक नाय गेला. हयसरच आसा." बाई हसून जायची.

श्रावणात मला हे आठवलं आणि वाटलं, आपली घट आपणच का शोधू नये?

दळणाचे डबे मोजायचा छोटा काटा मी घरात आणला. वयनीने वाढून झाकून ठेवलेलं ताट मोजलं. रिकामं ताट आधी मोजलं होतं. ते वजा केलं तर भात, आमटी, भाजी, तळलेला बांगडा, सगळं मिळून साडेसातशे ग्रॅम. तांब्याभर पाण्यातलं पाव किलो पाणी. म्हणजे एक किलो. गिरणीत जाऊन मोठ्या काट्यावर उभा राहिलो. सेहेचाळीस किलो दोनशे. घरात आलो, जेवलो, पाणी प्यालो, तडक परत काट्यावर. सत्तेचाळीस दोनशे यायला हवं.

सेहेचाळीस आठशे.

पुन्हा उतरलो, पुन्हा चढलो. तेच. दुसऱ्या दिवशी तसंच केलं. तिसऱ्या दिवशीही. रोज चारशेच्या आसपास कमी. दहा किलोला दीडशे ग्रॅम घट मी समजू शकतो. एका किलोला चारशे ग्रॅम घट मी बेचाळीस वर्षांत बघितली नव्हती. आणि इथे तर नळी नाही, दगड नाही, धुरळा नाही. ताटातून तोंडात, तोंडातून पोटात. मध्ये सांडायला जागाच नाही.

परशुरामला सांगितलं. त्याने सुई खाली ठेवली आणि गंभीर होऊन विचार केला.

"वारो," तो म्हणाला.

"काय?"

"पोटात गेल्यार वारो होता. वाऱ्याक वजन नाय."

"लगेच होता? पाच मिनटात?"

"तुजा तुका म्हायत."

मी ते ऐकून चिडलो, पण घरी येऊन त्यावरही विचार केला. आपल्या आत काहीतरी बिघडलंय, जे डॉक्टरांच्या फोटोत येत नाही, असं मला वाटायला लागलं. भीती मरण्याची नव्हती. कार्तिकातलं वर्षश्राद्ध जवळ येत होतं त्याची होती.

वर्षश्राद्धाला सुदेश आणि नम्रता दोन दिवस आधी आले. सुदेशने आल्या आल्या भिंत वाचली. शेवटचा आकडा सेहेचाळीस.  त्याने बॅगेतून तिकिटं काढून देवाच्या फळीवर ठेवली. परतीची तीन तिकिटं होती. तिसऱ्यावर माझं नाव.

"बाबा, थंय दवाखानो जवळ आसा," एवढंच म्हणाला.

नम्रता म्हणाली, "तुम्हाला वाटेल तेव्हा इकडे येऊन जायचं."

त्या दिवशी मी गिरणीचा पट्टा काढून गुंडाळून ठेवला. पट्टा लावलेला राहिला तर ताणून खराब होतो. दगड पुसले. नळी काढून झटकली. त्यातून मूठभर पीठ पडलं, ते कागदात घेतलं आणि कुठे ठेवावं कळेना, म्हणून खिशात ठेवलं.

श्राद्धाच्या दिवशी भटजी विधी करून गेले. कावळ्यालाही पान ठेवलं, तो लगेच शिवला. हौसावयनी सुदेशला म्हणाली, "बघ, तिची कायच इच्छा रवाक नाय." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे घर बंद होणार हे तिला चालतंय की काय?

मग पंगत बसली. घरचेच लोक. मी माझ्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला टेकून. बाजूला सुदेश, पुढे परशुराम आणि आणखी दोघे शेजारी. केळीची पानं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, भात, खीर. नम्रता आणि वयनी वाढत होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी जेवलो. चांगला जेवलो. पाणी प्यालो आणि उठलो.

"बाबा, जेवा की," नम्रता म्हणाली.

"जेवलंय."

"अहो, पान तसंच आहे."

मी खाली बघितलं.

माझ्या पानावर मधोमध रेघ मारल्यासारखं होतं. जवळचं अर्धं पान पुसून खाल्लेलं, हिरवंगार. पलीकडच्या अर्ध्यात चार वड्यांतले दोन वडे, अर्धा भात, अर्धी भाजी, द्रोणात अर्धी खीर. काहीही विस्कटलेलं नव्हतं. उष्टा हातसुद्धा लागलेला दिसत नव्हता. सुदेशचं पान बघितलं, परशुरामचं बघितलं. त्यांची पानं रिकामी होती.

ताट असतं तर मी ते झाकून निघून गेलो असतो. केळीचं पान झाकता येत नाही.

"ह्यां कोणी ठेवलां?" मी विचारलं. खरोखर विचारलं.

 हौसावयनी हातात भाताचं भांडं घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग सुदेशकडे.

"भावोजी रोजच ठेवतत," ती हळू म्हणाली. "तिचो वाटो."

"कोणाचो?"

"विनीताचो. भावोजी, तुमी असां काय इचारतास? रोज दोनय टायम ठेवतास. केळा अर्धां, दूध अर्धां. लाडू पण अर्धो मोडून डब्याच्या झाकणार. अंडी दोन दिली तर एक. माका वाटला, वरीस होयसर तुमी तिका पान ठेवतास. कोणी कोणी ठेवतत. त्यात मी काय बोलाचा? मी पयलो घास भायर कावळ्याक ठेवतंय नि रवलेला कोंबड्यांका घालतंय."

"माका म्हायत नाय," मी म्हटलं.

"म्हायत नाय कसां? जाताना दारातसून सांगतास ना तिका. जेव गो, म्हणून. मी मागल्या दारी असतंय, माका आयकाक येता."

परशुराम हात धुवायचा विसरून बसला होता. "लग्नात तर पान चाटून पुसून खाता ह्यो," तो म्हणाला. "माज्या बाजूक बसता. मी बघलंय."

मी पुन्हा खाली बसलो. मला आठवायला लागलं, पण सरळ आठवेना.

आमचं लग्न झालं तेव्हा घरात आई होती. आई वाईट नव्हती, पण कडक होती. पुरुषांनी आधी जेवायचं, मग आईने, शेवटी सुनेने, नवऱ्याच्या ताटात. लग्नाला महिना झाला असेल. एकदा मी जेवून गिरणीवर गेलो आणि चावी विसरली म्हणून परत आलो. विनीता माझ्या ताटावर बसली होती. ताटात काही नव्हतं. पेजेचं भांडं खरवडून, खाली लागलेली करपलेली पेज ती मीठ लावून खात होती. मला बघून तिने भांडं पाठीमागे केलं. एकोणीस वर्षांची होती.

आईला काही सांगायची माझी हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी अर्धं जेवलो आणि उठलो. आईने विचारलं, काय झालं? म्हटलं, भूक नाही. ताट तसंच तिच्याकडे गेलं. तिसऱ्या दिवशीही तसंच. आई शेजाऱ्यांना सांगायची, "लगीन झाल्यापास्ना माजो झील जेवाचो कमी झालो." आणि मला जास्त वाढायला लागली. तेव्हा कुठे माझंही पोट भरायला लागलं.

आई गेली. मग विनीताच वाढायची. आता ती वेगळं ताट घेऊ शकत होती. घेतलं नाही. माझ्याच ताटात दोघांचं वाढायची, डोंगराएवढं. मी माझ्या बाजूचं जेवून, बांगड्याचं डोकं तिच्या बाजूला सारून उठायचो. तिला डोकं आवडायचं. सुदेशच्या लग्नानंतर नम्रताने एकदा तिला विचारलं होतं, आई, तुम्ही वेगळं ताट का घेत नाही? ती म्हणाली होती, "एक ताट कमी घासूचा लागता." आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्दही बोललो नाही. मी तिला कधी जेवताना बघितलंही नाही, कारण तोपर्यंत मी गिरणीवर असायचो, रात्रीसुद्धा हिशेब लिहायला. तिन्हीसांजेला ताट घासून पालथं घातलेलं असायचं, एवढंच मला दिसायचं.

वयनी मात्र एका माणसाचं वाढत होती. आणि मी त्यातलं अर्धं जेवत होतो.

"म्हणजे बाबा, तुमी वरीसभर अर्धपोटी रवलास," सुदेश म्हणाला. 

"नाय. माजा पोट भरत होता." हे खरं होतं. ते कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

परशुरामने मध्येच विचारलं, "वयनी, ती अंडी खंयच्या कोंबड्यांची?"

"माज्याच."

"म्हणजे ह्येचा जेवाण कोंबड्यांनी खाल्लां, कोंबड्यांनी अंडी घातली, अंडी ह्येणा खाल्ली. ती पण अर्धी!" तो म्हणाला. "तरी म्हणतंय, वयनीच्यो कोंबड्यो येवढ्यो जाड कशो?"

कोणीतरी हसलं. वयनीने डोळ्याला पदर लावला, पण तीही हसत होती. मलाही हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही.

सुदेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, आता ह्यां खावा. सगळां."

मी हात पुढे केला. पलीकडच्या वड्याचा तुकडा मोडला. तोंडापर्यंत नेला. तो तोंडात गेला नाही. मला कोणी अडवत नव्हतं. सगळे बघत होते. मी तुकडा तिच्या बाजूला परत ठेवला.

"होवचा नाय रे," मी म्हटलं.

सुदेश काही बोलायला गेला तेवढ्यात नम्रता आत गेली. वड्यांची टोपली आणि भाताचं भांडं घेऊन बाहेर आली. माझ्यासमोर बसली आणि रिकाम्या अर्ध्या पानावर वाढायला लागली. दोन वडे. भाताची मोठी मूद. सांबार.

"ती बाजू राहू दे," ती म्हणाली. "ह्या बाजूला वाढते. जेवा."

मी जेवलो. अर्धं पान दुसऱ्यांदा रिकामं केलं. तिने विचारलं, अजून? मी म्हटलं, वायच भात. तिने वाढला. सगळे बसून बघत होते. परशुराम म्हणाला, "मेलो उपाशीच होतो."

नंतर सुदेश मला काट्यावर घेऊन गेला. सत्तेचाळीस चारशे. पन्नास नव्हतंच. त्याने भिंतीवरचे आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मी पट्ट्याच्या गुंडाळीवर बसलो. खिशातलं पीठ कागदातून सांडून पँटीला लागलं होतं.

"काकी," त्याने घराकडे हाक मारली. हौसावयनी दारात आली. "उद्यापास्ना दोन माणसांचा वाढा. एका ताटात. आई वाढी तसां."

"दोन माणसांचा?" वयनीने माझ्याकडे बघितलं. "बरां."

दोन दिवसांनी ते दोघं गेले. तिसरं तिकीट फळीवरच राहिलं. मी पट्टा परत चढवला.

माघात एकोणपन्नास झालं. चैत्रात, मसाल्याच्या गर्दीत, एका दुपारी काट्यावर उभा राहिलो तर पन्नास किलो तीनशे. भिंतीवर लिहिलं आणि सुदेशला फोन केला. तो म्हणाला, "हातात मिरचीचा पोता घेवन उभे रवलास काय?" मी म्हटलं, ये आणि बघ. त्याने नम्रताला ओरडून सांगितलं, ते मला ऐकू आलं.

मग जेवायला घरात गेलो. वयनीने दोघांचं वाढलं होतं, दोन बांगडे होते. मी माझा खाल्ला, दुसरा डोक्यासकट तिच्या बाजूला ठेवला. हे चूक की बरोबर, वेडेपणा की काय, मला समजत नाही. डॉक्टरांना विचारलं नाही. ताट झाकलं, हात पुसले, दाराशी आलो.

आधी मी ते बोलतो हे मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे. पाठीमागच्या दारी वयनी होती, तरी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "जेव गो."

आणि गिरण चालू करायला गेलो. बाहेर सात बायका डबे घेऊन उभ्या होत्या.